वालाच्या मुळाखालचं पाणी

सोलापूरची माणसं कर्जतला जात नाहीत, कर्जतवरून जातात. गाडी घाट उतरून दम घ्यायला थांबते, फलाटावरून बटाटेवडा आत येतो, तो संपेपर्यंत गाडी हलते, आणि कर्जत पाहून झालं असं आपण जन्मभर समजतो. मीही तसंच समजत होते. यंदा पौषात मात्र एका हातात वडा आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन मी चक्क खाली उतरले, तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाई काळजीने म्हणाल्या, "अहो, मुंबई अजून लांब आहे."

उतरण्याचं कारण माझी धाकटी बहीण सुनंदा. तिचे यजमान वसंतराव विमा कंपनीतून निवृत्त झाले, डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या हवाली केला आणि नेरळ-कर्जतच्या मधे एका गावाला लागून प्लॉट घेऊन त्यांनी बंगला बांधला. वास्तुशांतीचे फोटो आले, झोपाळ्याचे आले, झुंबराचे आले. मग फोटो बंद झाले आणि फोन सुरू झाले. "अक्का, भिंती ओल्या होतात गं. नातू येतो, शिंकतो आणि सून त्याला घेऊन परत जाते. तू जन्म मातीत काढलास, येऊन बघ तरी."

मी सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत होते. शेतकरी पिशवीतून माती आणायचे आणि तिच्यात काय आहे, काय नाही ते मी सांगायची. त्यामुळे नातेवाइकांची समजूत झाली आहे की मातीशी ज्याचा ज्याचा संबंध येतो ते सगळं, तुळशीच्या कुंडीपासून भिंतीपर्यंत, माझ्या खात्यात येतं. खरं सांगायचं तर माझीही तीच समजूत आहे.

बंगला

वसंतराव गाडी घेऊन स्टेशनवर आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती आणि त्याहून नवे फलक. एकावर नदीकाठचं स्वप्न, दुसऱ्यावर तळ्याच्या कुशीतलं घर, तिसऱ्यावर नुसताच धबधबा आणि त्याखाली हसणारं जोडपं. जेवढं पाणी फलकांवर होतं तेवढं रस्त्याकडेला काही दिसेना. मी तसं म्हणाले.

"दिसत नाही, अक्का, पण आहे," वसंतराव स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाले. "प्लॉट बघायला आलो तेव्हा एजंटने काय केलं माहीत आहे? फावडं मागवलं, माझ्यासमोर खड्डा केला आणि म्हणाला, साहेब, हात घाला. हात घातला तर पाणी! मी तिथल्या तिथे होकार दिला."

माझे डोळे विस्फारले. आमच्याकडे बोअर मारायचं म्हणजे घरातली सगळी माणसं श्वास रोखून उभी राहतात, नुसता धुरळा उडत राहतो आणि संध्याकाळी शेजारी सांत्वनाला येतात. आणि इथे फावड्याने पाणी लागतं. अशा माणसाला कसलं आलंय दुःख, असं मनाशी म्हणत मी बंगल्यात पाऊल टाकलं, आणि दुःख समोरच दिसलं. हॉलच्या चारही भिंतींवर गुडघाभर उंचीपर्यंत रंगाला फोड आले होते. फोड फुटले होते तिथे पांढरी पूड जमली होती. मी थोडी बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"अक्का!" सुनंदा किंचाळली.

"खारट आहे," मी म्हणाले.

मीठ म्हणजे ओळखीचं माणूस. गोष्ट साधी असते. समईची वात तेल वर ओढते तशी बारीक माती खालचं पाणी वर ओढते. वरून ऊन-वारा ते पितात, की माती खालून आणखी ओढते. पाणी जवळ असेल तोवर हे चालूच राहतं, आणि उडून जाणारं पाणी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या कालव्याखालच्या काळ्या रानांत हेच होतं. पाणी उडून जातं, त्यातलं मीठ मागे बसतं, आणि जिथे ऊस डोलत होता तिथे काही वर्षांत पांढरा पापुद्रा येतो. या भागात पाऊसच इतका की रानातलं मीठ दरवर्षी धुऊन समुद्राला जातं. पण घराच्या आतल्या भिंतीवर कुठला पाऊस? शिवाय गावाच्या वरच्या अंगाने वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याचा कालवा जातो. त्याचं पाणी या बाजूच्या शेतांना मिळत नाही, नुसती झिरप मिळते. ती झिरप वसंतरावांच्या हॉलपर्यंत पोचली होती.

वसंतरावांनी या झिरपीशी वर्षभर युद्ध केलं होतं. भिंतींना पाणीरोधक रंगाचे थरावर थर दिले होते आणि पाणीरोधक सिमेंटच्या गोण्यांनी मागची खोली भरली होती. घरभर चकचकीत फरशी आणि कुंपणापर्यंत सगळ्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले होते, चिखल नको म्हणून. मातीला तोंड वर काढायला कुठे बोटभरही जागा ठेवली नव्हती. पाण्याला वर यायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे भिंत. हे वाक्य मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. त्या दिवशी सुचलं ते वेगळंच.

सोलापूरहून मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली होती. आमची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. सुनंदाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी तिची रुमालासारखी घडी घालता येत होती. वसंतराव म्हणाले, "वा, इथल्या हवेने मऊ झाली, आता दातांना त्रास नाही." माणसाने स्वतःच्या प्लॉटवर इतकं प्रेम करू नये.

बांधापलीकडे

कुंपणाला लागूनच बांध होता आणि बांधापलीकडे जनाबाईचं शेत. जनाबाई साधारण माझ्याच वयाची, बोलायला खणखणीत. तिचे यजमान गणपतराव पूर्वी साजगावच्या एका कारखान्यात जायचे, आता भातशेती आणि गावातल्या सगळ्या भानगडी सांभाळतात. भात कापून झाल्यावर त्या रिकाम्या खाचरात जनाबाईने वाल पेरला होता. हिरवागार, पांढऱ्या फुलांनी भरलेला. आणि आसपास ना पाट, ना पाइप, ना पंप.

"पाणी कधी देता?" मी विचारलं.

"पानी?" ती हसली. "वालाला कुनी पानी देतं का? खाली हाय ना ओल. भात गेला का बी टाकायचं. त्याचं तो पितो."

आमच्याकडे ज्वारीही हिवाळ्यात अशीच ओलीवर येते, पण काळ्या मातीने पावसाळ्यात साठवलेली पुंजी ती जपून जपून खाते. इथे वालाच्या मुळांना खालून रोज ताजा पुरवठा होता. सकाळी शेताची माती ओलसर काळी दिसायची, दुपारी उन्हाने फिकट व्हायची आणि रात्रीतून पुन्हा काळी. मला कौतुक वाटलं, आणि ते तिथेच सोडून मी जेवायला बसले.

जेवायला जनाबाईकडून आलेलं वालाचं बिरडं होतं, तांदळाच्या भाकरीबरोबर. वाल मोड आणून, सोलून, ओल्या खोबऱ्यात शिजवलेला. किंचित कडू आणि मग गोड. मी तीनदा वाढून घेतलं आणि संध्याकाळी बांधावर जाऊन तिला म्हणाले, "जाताना मला किलोभर तुमचा वाल द्या."

जनाबाईचा चेहरा पडला. "काय देऊ, अक्का? ती शेवटची मूठ व्हती, तुमी पावनी आली म्हनून शिजवली. गेल्या साली शेंगा भरल्या आनि आभाल कोसललं. सगलं कुजलं. निवडून निवडून येवडंच बी रायलं, ते सगलं पेरलं. आता हंडीत दाना नाय. जे हाय ते रानात हाय."

"बाजारात मिळतं की वालाचं बी," कुंपणाच्या अलीकडून वसंतराव म्हणाले.

"ते मोठं, फुगरं. शिजतंय, पन चव नाय. हे माज्या सासूच्या सासूचं. बारीक, काला डोला असलेलं. गावात आता आमच्याकडंच हाय." तिने शेताकडे पाहिलं. "हे घरात आलं म्हंजे झालं."

कुंभिवली

आता माझा सल्ला. कालव्याखालची खारवलेली जमीन सुधारायची तर चर खणायचा, खालचं पाणी उताराला लावून द्यायचं, पातळी खाली नेऊन ठेवायची. हे मी नोकरीभर शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं आणि ते बरोबर होतं. इथेही उतार होता, खाली ओढा होता, आणि बांधाला लागून चर काढला की बंगल्याखालचं पाणी निघून जाणार हे स्वच्छ दिसत होतं. सोलापूरच्या माणसाला पाणी जास्त झालं हे एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही. उभ्या जन्मात ही संधी येत नाही ना!

जेसीबी मिळवायला आम्ही कुंभिवलीला गेलो. हमरस्त्यावरचं गाव. टायर, मिसळ, नर्सरीतली रोपं, ट्रकच्या ताडपत्र्या, कारखान्याचे गणवेश, सगळं एकाच रांगेत विकायला. आमच्याकडे जेसीबीवाल्याला गाठायचं तर त्याच्या घरी जाऊन चहा प्यावा लागतो, आधी पाऊसपाणी, मग मुलाबाळांची चौकशी आणि मग काम. इथला जेसीबीवाला मिसळीच्या टपरीवर उभ्या उभ्या भेटला आणि म्हणाला, "मॅडम, पानी काढायचं का अडवायचं? मी दोन्ही करतो." मी म्हणाले काढायचं. मिसळ चांगली होती, मात्र सोलापूरकराला तिखट म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता.

चराचा दिवस म्हणजे सोहळाच झाला. वसंतरावांनी नारळ फोडला. गणपतरावांनी चराची माती आपल्या गाडीवाटेवर टाकून घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे ते स्वतः हात वर करकरून जेसीबीला दिशा दाखवत होते. जनाबाईने सगळ्यांना चहा दिला आणि म्हैस धुवायला घराजवळ पाणी झालं म्हणून खूश झाली. मी छत्री घेऊन उतार बघत फिरले. चराच्या दोन्ही बाजूंनी पाणी पाझरून तळाशी जमलं, वाट शोधू लागलं आणि ओढ्याकडे धावलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की माझेच कान गरम होतात.

काही दिवसांत सुनंदाने गादी जमिनीवर घातली, सकाळी उलटून पाहिली, आणि ती खालून कोरडी होती. वसंतरावांनी डोंबिवलीला फोन लावून मुलाला गादीचा फोटो पाठवला. मला तर त्यांनी आजूबाजूच्या बंगल्यांत मिरवलं. डॉक्टर, प्राध्यापक, सोन्याचे व्यापारी, सगळ्यांच्या भिंतींना मी हात लावला, दोघांची पूड चाखली आणि सगळ्यांना चर सांगितला. सुदैवाने कुणी ऐकलं नाही.

सकाळची माती

पहिली तक्रार जनाबाईने केली ती दिव्याची. "अक्का, वालाची फुलं गलतात. साहेबांनी कुंपनाला त्यो मोटा लाइट लावलाय ना, वालाला झोपच नाय. मानसाला नाय झोपलं तर काय व्हतं?"

मी हसले. वसंतराव मात्र गंभीर झाले, कारण दिवा घालवण्यात त्यांचं काही जात नव्हतं. त्यांनी त्या दिवसापासून दिवा बंद ठेवला आणि आपण शेजारधर्म कसा पाळतो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. फुलं गळतच राहिली. मग गणपतरावांनी औषध आणून फवारलं. मग फोडलेल्या नारळाची दृष्ट लागली असं ठरलं आणि जनाबाईने बांधावर लिंबू कापला. मीही एक पान चुरगळून पाहिलं आणि मावा असेल असं विद्वत्तेने सांगितलं. मावा नव्हता.

एका सकाळी मी चहाचा कप घेऊन बांधावर उभी होते. शेत ओलसर काळं दिसण्याची ती वेळ. पण शेत काळं नव्हतं. चराच्या बाजूने आत, शेताच्या जवळजवळ निम्म्या भागापर्यंत माती फिकट होती, कालच्या दुपारी होती तशीच. रात्रीतून वर काहीच आलं नव्हतं. मी चप्पल काढून त्या मातीत पाय ठेवला. वरचा थर भुसभुशीत, कोरडा, कोमट. पलीकडच्या टोकाला, चरापासून लांब, पाय गार पडला.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. वात तेलात बुडालेली असते तोवर पेटते. मी तेलच खाली नेलं होतं. खालचं पाणी मातीच्या ओढीच्या टप्प्याबाहेर गेलं की मधला धागा तुटतो, वरची माती एकदा वाळते आणि तशीच राहते. आमच्या खारवट रानात याला सुधारणा म्हणतात. इथे त्या पाण्यावर जनाबाईचं सगळं बी उभं होतं. चहा गार झाला आणि मी तो तसाच चरात ओतला.

घरात येऊन मी सांगितलं. सुनंदा हातातलं सोडून बसली. वसंतराव म्हणाले, "चर तुम्हीच सांगितलात, अक्का."

"हो. आणि आता मीच सांगते, बुजवा."

"दोन महिने थांबू. वाल निघाला की बघू."

"दोन महिन्यांनी वालच नसेल. फुलं आत्ता गळताहेत."

"पण घर पहिल्यांदा कोरडं झालंय हो!" त्यांचा आवाज चढला. "पुढच्या रविवारी नातू येतोय. मी जनाबाईंना कर्जतच्या बाजारातून गोणीभर बी आणून देतो, हवं तर दोन गोण्या."

मला राग आला, त्यांचा आणि त्याहून माझा. मी तशीच बांधावर गेले आणि जनाबाईला सरळ सांगितलं की दिवा नाही, नारळ नाही, फुलं चरामुळे गळताहेत आणि चर माझ्यामुळे झाला.

ती आधी माझ्यावर चिडलीच नाही. ती गणपतरावांकडे वळली. "अवो, तुमाला माती फुकट पायजे व्हती ना? घ्या! गाडीवाट झाली ना चांगली? आता तिच्यावरून काय न्यायचं, मला सांगा!" गणपतराव म्हशीमागे गेले. मग ती माझ्याकडे वळली. "आनि तू गं, येवडी शिकलेली, तुला वाल दिसला नाय व्हय?" पहिल्यांदाच मला तिने एकेरी हाक मारली होती आणि ती मला लागली. मग ती फाटक ढकलून अंगणात आली आणि वसंतरावांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी राहिली.

"साहेब, तुमची फरशी सुकली, माजं बी सुकलं."

"जनाबाई, मी म्हटलं ना, बाजारातून—"

"बाजारात माजी सासू मिलंल का?"

ती ठोकळ्यांवरच मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली, मोठ्याने, लाज न बाळगता. सुनंदा तिच्याशेजारी जाऊन बसली. मला फार शरम वाटली.

वसंतराव आत गेले. मला वाटलं दार लावून बसले. पण ते पावसाळी गमबूट घालून बाहेर आले, खांद्यावर पाणीरोधक सिमेंटची गोणी घेऊन, आणि काही न बोलता चराच्या तोंडाकडे चालू लागले. गणपतराव म्हशीमागून निघून त्यांच्यामागे गेले. मागच्या खोलीतल्या सगळ्या गोण्या गेल्या. दगड, चिखलमाती आणि ते सिमेंट मिळून त्यांनी ओढ्याकडच्या टोकाला बांध घातला. मी उतार बघायला पुढे झाले तर वसंतराव म्हणाले, "अक्का, तुम्ही नका बघू." दुपारपर्यंत चरातलं वाहणं थांबलं आणि पाणी हळूहळू वर चढायला लागलं. जे सिमेंट वर्षभर भिंतीत एक थेंब अडवू शकलं नव्हतं, त्याने चरात एक थेंब खाली जाऊ दिला नाही.

पोपटी

चर भरला आणि अपेक्षेप्रमाणे गादी पुन्हा ओली झाली. तेव्हा मला आधी सुचायला हवं होतं ते वाक्य सुचलं. अंगणातले ठोकळे काढा, मी म्हणाले. पाणी वर येणारच आहे, त्याला अंगणातून उडून जाऊ द्या, म्हणजे ते भिंत चढणार नाही. भिंतीचा खालचा पाणीरोधक रंगही खरवडून टाका. वसंतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सल्ल्यांच्या बाबतीत आता माझा काही भरवसा राहिलेला नाही. तरीही घरालगतचे ठोकळे त्यांनी उचलले. खाली माती होती, गार आणि काळी. उन्हात तिचा वास सुटला तेव्हा सुनंदा म्हणाली, "घराला पहिल्यांदा गावाचा वास आला." भिंत काही लगेच सुकली नाही, पण ओलीची रेघ वर सरकायची थांबली. त्यावर समाधान मानून मी निघायची तयारी केली.

निघण्याआधी पोपटी झाली. या भागात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घालून त्या मडक्यात दाबतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात, आणि शेंगा वाफेवर शिजल्या की सगळी आळी जमून खाते. आमची हुरडा पार्टी जशी, तशी ही. हुरड्याला यजमान आग्रह करकरून हात भाजून घेतो, इथे मडकं एकदा रिकामं केलं की सगळे आपापलं बघतात. दरवर्षी पोपटी जनाबाईच्या शेतातली असायची. यंदा तिने शेताला हात लावू दिला नाही, एक शेंग तोडायची नाही, सगळी बियाला. आळी हिरमुसली.

तेव्हा वसंतरावांचं बाजाराचं वेड शेवटी कामाला आलं. ते कर्जतला गेले आणि टोपल्या भरून शेंगा घेऊन आले. ठोकळे काढलेल्या उघड्या मातीवरच मडकं लावलं. दिवस मावळता मावळता पाल्याच्या उग्र वासाची वाफ निघाली आणि सगळे बोटं भाजत शेंगा सोलू लागले. जनाबाईने एक दाणा तोंडात टाकला, चावला आणि वसंतरावांना म्हणाली, "फुगराच हाय." पण खाल्ल्या तिने भरपूर.

फाल्गुनात पुन्हा

मी सोलापूरला परतले खरी, पण जीव तिकडेच राहिला. सुनंदाला फोन केला की मी आधी वालाचं विचारायची आणि मग तिचं. ती म्हणायची, चराकडची निम्मी वेल गेली, उरलेलीवर शेंगा आहेत, पण थोड्या. शेवटी होळीनंतर मी पुन्हा कर्जतला उतरले. या वेळी वडा घ्यायलाही थांबले नाही.

शेंगा निघून, वाळून, झोडून झाल्या होत्या. जनाबाई आमच्या अंगणात, उघड्या मातीवर सूप घेऊन बसली होती. सुपात वाल होता, बारीक, काळ्या डोळ्याचा. एका सुपात मावला इतकाच. शिजवायला एक मूठही निघणार नव्हती. पण बी होतं. मी तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला, तर तिने थोडा वाल माझ्या तळहातावर ओतला. मी बोटांनी चाळवून परत सुपात टाकला.

मग तिने सुपातल्या वालाचे हाताने दोन ढीग केले. सारखे होईनात म्हणून पुन्हा एकत्र केले, पुन्हा दोन केले. एक ढीग राखेत घोळवून छोट्या हंडीत भरला आणि हंडी सुनंदासमोर ठेवली.

"हे तुज्याकडं."

"मला कशाला?" सुनंदा गडबडली. "आधीच एवढंसं आहे. सगळं तुम्हीच ठेवा."

"बी एका घरात ठेवत नाय आमी," जनाबाई म्हणाली. "एकीकडं कीड लागली, आग लागली, तर दुसरीकडं असतं. निम्मं नेमी माज्या जावंकडं असायचं. त्यांनी हे रान तुमाला इकलं आनि बदलापूरला गेली. तिच्या फ्लॅटात कुठं हंडी ठेवील ती? तवापास्नं दुसरं घरच नाय मला. म्हनून तर गेल्या साली जीव टांगनीला लागला." तिने हंडी सुनंदाच्या आणखी जवळ सरकवली. "तिचं घर व्हतं हितंच, तुमी ओटा बांधलाय तिथं."

वसंतराव दारात उभे होते. ते म्हणाले, "पण जनाबाई, आमच्या घरात ओल आहे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तोवर ते त्याला इथली हवा म्हणत आले होते.

"तर मग कोरडी जागा बगा," जनाबाई म्हणाली.

त्यांनी बघितली. हातात हंडी घेऊन त्यांनी सगळा बंगला पालथा घातला. प्रत्येक भिंतीला तळहात लावला, कपाटांत नाक घातलं, देवघराच्या मागेही वाकून पाहिलं. कुठलीच जागा मनाला येईना. शेवटी स्टूल आणलं, हॉलमधलं झुंबर उतरवलं आणि त्या आकड्याला काथ्याने हंडी बांधली. जमिनीपासून आणि भिंतींपासून बंगल्यात सगळ्यात लांब असलेली ती जागा.

त्याच दुपारी शेजारच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वर पाहिलं, झुंबर कुठे गेलं म्हणून विचारलं आणि हे काय टांगलंय म्हणाल्या.

वसंतराव एकुलते एक. त्यांना ना भाऊ, ना चुलतभाऊ. चहा गाळता गाळता, मानही वर न करता सुनंदा म्हणाली, "ते होय? आमच्या जाऊबाईंचं आहे."